टायटर किती आला? एचआयव्हीसोबत जगताना हेपॅटायटिस बीची लस कशी घ्यावी

माझ्या एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या औषधांच्या पुस्तिकेत मागच्या पानाला स्टेपल केलेलं एक पिवळं कार्ड आहे. त्यावर तीन तारखा, तीन सह्या आणि लसीच्या छोट्या बाटलीवरून, म्हणजे व्हायलवरून काढून चिकटवलेले तीन स्टिकर. लिव्हरला सूज आणणाऱ्या हेपॅटायटिस बी विषाणूच्या लसीचे तीन डोस मी २०१३ साली वेळच्या वेळी घेतले आणि पुढची चार वर्षं त्या कार्डाच्या भरवशावर निर्धास्त राहिले. मग एका नव्या डॉक्टरांनी विचारलं, "टायटर किती आला होता?" मला प्रश्नच कळला नाही. टायटर म्हणजे रक्तात संरक्षण देणारी प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) किती आहेत त्याचा आकडा. रक्त दिलं, आकडा आला ४. संरक्षण आहे असं म्हणायला किमान १० लागतो.

नंतर मी दुप्पट मात्रेचे चार डोस घेतले आणि आकडा २१२ झाला. तेव्हापासून परळ-लालबागच्या आसपासच्या कितीतरी पॉझिटिव्ह मंडळींबरोबर मी लॅबमध्ये, केमिस्टकडे, इंजेक्शनच्या रांगेत उभी राहिले आहे. बहुतेकांची गाडी तिथेच अडते जिथे माझी अडली होती. लस घेतली की विषय संपला, असं सगळे धरून चालतात. एचआयव्ही असलेल्या शरीरात लस घेणं आणि लस लागू पडणं यांत बरंच अंतर असतं. ते अंतर कसं पार करायचं, ते इथे क्रमाने सांगते. मात्रा आणि औषधं ठरवायचं काम तुमच्या डॉक्टरांचं. पण काय विचारायचं हे तुम्हाला ठाऊक हवं.

ही लस आपल्यालाच का एवढी गरजेची

एचआयव्ही आणि हेपॅटायटिस बी यांचे शरीरात शिरायचे रस्ते तेच आहेत: रक्त, लैंगिक संबंध, आणि बाळंतपणात आईकडून बाळाला. म्हणून एक असलेल्याला दुसरा होण्याची शक्यता जास्त. निरोगी मोठ्या माणसाला हेपॅटायटिस बी झाला तर बहुतेक वेळा शरीर तो सहा महिन्यांत स्वतःच हुसकून लावतं. एचआयव्ही असलेल्यांत तो घर करून बसण्याचं प्रमाण जास्त, आणि घर केल्यावर लिव्हर सिरॉसिसकडे (कडक होत निकामी होण्याकडे) किंवा कॅन्सरकडे जाण्याचा वेगही जास्त. हा विषाणू चिवट आहे. वाळलेल्या रक्ताच्या डागातसुद्धा सात दिवस टिकतो. सलूनमधला वस्तरा, घरातलं एकच रेझर, टॅटूची सुई, सगळीकडून येऊ शकतो. एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने मात्र होत नाही.

आपल्याकडे कावीळ म्हटली की अजून माळ घालतात, कुठेतरी जाऊन उतरवून घेतात. दूषित पाण्यातून होणारी कावीळ, म्हणजे ए आणि ई, बहुतेकांची आपोआप बरी होते आणि श्रेय माळेला जातं. बी वेगळा. तो वर्षानुवर्षं डोळे पिवळे न करता आत काम करत राहतो. "मला कधी कावीळ झालीच नाही" यावरून काहीही सिद्ध होत नाही.

आज तिशी-चाळिशीत असलेल्यांना ही लस बाळपणी मिळाली असण्याची शक्यता कमी. भारतात सरकारी लसीकरणात हेपॅटायटिस बी २००२-०३ मध्ये काही ठिकाणी प्रयोग म्हणून आली आणि देशभर लागू व्हायला २०११-१२ उजाडलं.

आधी रक्त, मग लस

लसीआधी तीन तपासण्या करायच्या असतात. पहिली एचबीएसएजी: विषाणू आत्ता शरीरात आहे का? दुसरी अँटी-एचबीएस: संरक्षण देणारी प्रतिपिंडं आहेत का, आणि किती? तिसरी अँटी-एचबीसी टोटल: हा विषाणू पूर्वी कधी येऊन गेला आहे का?

लॅबच्या काउंटरवर ही नावं इतकी सारखी वाटतात की घोटाळा होतो. माझ्या एका मैत्रिणीने डोस संपल्यावर "हेपॅटायटिस बीची टेस्ट" मागितली. काउंटरवरच्या मुलाने एचबीएसएजी केली, निगेटिव्ह आली, आणि ती बिचारी लस लागू पडली म्हणून पेढे घेऊन आली. त्या रिपोर्टचा अर्थ एवढाच होता की तिला हेपॅटायटिस बी झालेला नाही. संरक्षणाबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. म्हणून चिठ्ठीवर डॉक्टरांकडून "अँटी-एचबीएस क्वांटिटेटिव्ह" असं लिहून घ्या. क्वांटिटेटिव्ह हा शब्द महत्त्वाचा, कारण नुसतं रिअॅक्टिव्ह किंवा नॉन-रिअॅक्टिव्ह एवढंच छापून आलं तर आकडा हाती लागत नाही. अँटी-एचबीसीच्या बाबतीत "टोटल" हा शब्द बघा. आयजीएम ही निराळी तपासणी, ती नुकताच झालेला संसर्ग शोधायला करतात.

एचबीएसएजी तुमच्या एआरटी केंद्रावर पूर्वीच झालेली असू शकते, पुस्तिका चाळून बघा. बाकीच्या दोन कदाचित बाहेर कराव्या लागतील. राष्ट्रीय व्हायरल हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २०१८ साली सुरू झाला. त्यात सरकारी रुग्णालयांतून हेपॅटायटिस बी आणि सीची तपासणी आणि औषधं मोफत आहेत. केईएम, नायर, सायन, जे.जे. यांपैकी जिथे तुमचं केंद्र असेल तिथल्या काउन्सेलर ताईंना आधी विचारा आणि मगच खिशात हात घाला.

रिपोर्ट हातात आल्यावर

तिन्ही निगेटिव्ह असतील तर लस सुरू करायची. त्यात विचार करण्यासारखं काही नाही.

अँटी-एचबीएस १० किंवा त्याहून जास्त आणि एचबीएसएजी निगेटिव्ह असेल तर तुम्हाला संरक्षण आहे. लसीमुळे किंवा जुना संसर्ग बरा झाल्यामुळे, कोणत्याही वाटेने.

फक्त अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह आणि बाकी दोन्ही निगेटिव्ह, असा रिपोर्ट एचआयव्ही असलेल्यांत बऱ्यापैकी दिसतो आणि तो बघून लोक गोंधळतात. जुना संसर्ग येऊन गेला आणि प्रतिपिंडं उतरली, असा याचा बहुतेकदा अर्थ असतो. डॉक्टर अशा वेळी लसीचा एक डोस देऊन एक-दोन महिन्यांनी टायटर बघतात. तो १००च्या वर गेला तर शरीराला जुनी ओळख आहे, पुढचे डोस लागत नाहीत. नाही गेला तर पूर्ण लसीकरण करायचं.

एचबीएसएजी पॉझिटिव्ह आली तर लसीचा उपयोग नाही. पण घाबरून जाऊ नका. सध्या सरकारी केंद्रांतून मिळणाऱ्या टीएलडी या एचआयव्हीवरच्या तीन औषधांच्या एकत्र गोळीतली टेनोफोविर आणि लॅमिव्ह्युडीन ही दोन्ही औषधं हेपॅटायटिस बीवरही चालतात. म्हणजे रोजच्या एका गोळीत दोन्ही विषाणूंवरचे उपचार होतात. वर लिव्हरच्या तपासण्या, हेपॅटायटिस बीचा व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण) आणि ठरावीक काळाने सोनोग्राफी लागते. दारू पूर्ण बंद. आणि गोळी एक दिवसही स्वतःच्या मनाने थांबवायची नाही, याचं कारण पुढे येतंच.

एक सूचना ठळक लक्षात ठेवा. लस घेतल्यावर पहिले दोन-तीन आठवडे एचबीएसएजी तपासू नका. लसीत तेच पृष्ठभागावरचं प्रथिन असतं, त्यामुळे रिपोर्ट तात्पुरता पॉझिटिव्ह येऊ शकतो. काळाचौकीच्या एका मुलाने सोमवारी डोस घेतला आणि त्याच आठवड्यात नोकरीच्या मेडिकलसाठी रक्त दिलं. रात्री साडेअकराला त्याचा फोन आला, "ताई, आता हेपॅटायटिसपण." आवाज फुटत नव्हता त्याचा. महिन्याने पुन्हा तपासलं तर निगेटिव्ह. तो मधला महिना त्याने कसा काढला ते मी बघितलं आहे. ते दुखणं एका वाक्याच्या माहितीने टळलं असतं.

किती मात्रा, किती डोस

नेहमीचं वेळापत्रक म्हणजे २० मायक्रोग्रॅमचे तीन डोस: आज, एक महिन्याने, सहा महिन्यांनी. निरोगी तरुण माणसांत याने दहांपैकी नऊंहून अधिक जणांना संरक्षण मिळतं. एचआयव्ही असलेल्यांत एवढं मिळत नाही. फ्रान्समध्ये झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सीडी४, म्हणजे एचआयव्ही ज्या संरक्षक पेशी मारतो त्यांची रक्तातली संख्या, दोनशेच्या वर असलेल्यांना घेतलं होतं. तीन साध्या डोसांनी ६५ टक्क्यांना संरक्षण मिळालं, तर ४० मायक्रोग्रॅमच्या चार डोसांनी ८२ टक्क्यांना. या चार डोसांचं वेळापत्रक होतं आज, एक, दोन आणि सहा महिन्यांनी. म्हणून एचआयव्ही सांभाळणारे अनेक डॉक्टर पहिल्यापासूनच दुप्पट मात्रा लिहितात. तुमच्या डॉक्टरांनी साधी मात्रा लिहिली असेल तर संकोच न करता विचारा, "डबल डोस द्यायचा का?" प्रश्न विचारल्याने कुणाचा अपमान होत नाही.

४० मायक्रोग्रॅम म्हणजे मोठ्यांच्या २० मायक्रोग्रॅमच्या दोन व्हायल, मिळून २ मिली. एक इंजेक्शन या दंडाला, एक त्या दंडाला घेतलं की सोसवतं.

आता सीडी४चा प्रश्न. सीडी४ दोनशेच्या खाली असेल आणि व्हायरल लोड दबलेला नसेल तर लस कमी लागू पडते, हे खरं. त्यामुळे "आधी सीडी४ वाढू दे, मग बघू" असं ठरवून लोक दोन-दोन वर्षं काढतात. थांबू नका. ही लस जिवंत विषाणूची नाही. यीस्टच्या पेशींत बनवलेलं एक प्रथिन आहे, त्यातून संसर्ग होऊच शकत नाही. सीडी४ पन्नास असला तरी ती सुरक्षित आहे. घेऊन टाका. टायटर कमी आला तर सीडी४ वाढल्यावर पुन्हा घेता येते. गोळ्या नियमित घेऊन व्हायरल लोड दाबलेला ठेवणं ही लस लागू पडण्याची सगळ्यांत चांगली तयारी आहे, आणि ती तर तशीही करायचीच असते.

मधला डोस चुकला, गणपतीला गावी गेलात, पावसात गाड्या बंद होत्या, तर पहिल्यापासून सुरू करायची गरज नसते. जिथे थांबलात तिथून पुढे. उशीर चालतो, घाई चालत नाही. दोन डोसांतलं अंतर ठरल्यापेक्षा कमी करू नका.

दंड दुखतो, एखाद दिवस कणकण येते. पॅरासिटामॉल पुरे. फ्लू किंवा न्यूमोनियाची लस त्याच दिवशी दुसऱ्या जागी घेता येते.

केमिस्टच्या फ्रीजपासून तुमच्या दंडापर्यंत

यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण लस वाया जाते ती बहुतेक वेळा याच प्रवासात.

केंद्रावर मोठ्यांसाठी साठा असेल तर तिथेच घ्या, सगळ्यांत उत्तम. नसेल तर केमिस्टकडून विकत घेऊन डॉक्टरांकडे न्यावी लागते. भारतात बनणाऱ्या लसींपैकी पुण्याच्या सीरमची जीनव्हॅक-बी आहे, हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सची शान्व्हॅक-बी १९९७ साली आली तेव्हा ती देशात तयार झालेली पहिली अशी लस होती. एन्जेरिक्स-बी परदेशी कंपनीची. कंपनीवरून भांडत बसू नका, मिळेल ती घ्या. लेबलवर मात्र २० मायक्रोग्रॅम, १ मिली आहे ना ते वाचा. लहान मुलांची १० मायक्रोग्रॅमची व्हायल चुकून हातात येते. एक्स्पायरी बघा. व्हायलवर वर्तुळ आणि आत चौकोन अशी खूण असेल तर आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका असला पाहिजे. गडद झालेला असेल तर त्या व्हायलला उष्णता लागली आहे, घेऊ नका.

ही लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायची असते. मुंबईच्या उन्हाळ्यात सगळे उष्णतेला घाबरतात आणि व्हायल थेट बर्फावर ठेवतात. इथेच फसगत होते. या लसीत अॅल्युमिनियमचं संयुग असतं. ती गोठली की त्याच्या गुठळ्या होतात आणि ताकद जाते, पुन्हा वितळवून ती परत येत नाही. उष्णतेपेक्षा गोठणं तिला जास्त मारक. मी काय करते ते सांगते. स्टीलचा छोटा डबा, त्यात व्हायल रुमालात किंवा वर्तमानपत्रात गुंडाळलेली. तो डबा आइस पॅक असलेल्या पिशवीत, पॅक आणि डबा यांच्यामध्ये एक जाड नॅपकिन. केमिस्टने फ्रीझरमधून काढून दिली तर घ्यायचीच नाही, फ्रीजच्या खालच्या कप्प्यातली मागायची. आणि आधी डॉक्टरांची वेळ पक्की करायची, मग लस घ्यायची. उलटं केलं की ती रात्रभर घरच्या फ्रीजच्या दारात पडून राहते, आणि तो दिवसातून पन्नास वेळा उघडतो.

सुई दंडाच्या स्नायूत हवी. कुल्ल्यावर घेतलेली ही लस कमी लागू पडते, तिथे चरबीत अडकते. माझे २०१३चे तीनपैकी दोन डोस एका दवाखान्यात कुल्ल्यावरच दिले होते. तेव्हा मला माहीत नव्हतं, म्हणून मी आडवी पडले. आता कुणाबरोबरही गेले की बाही वर करून ठेवायला सांगते.

तुमचं एचआयव्हीचं निदान सुई टोचणाऱ्या प्रत्येकाला सांगायची सक्ती नाही. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७चा, १० सप्टेंबर २०१८पासून लागू आहे. त्यानुसार स्थिती उघड करायला कुणी भाग पाडू शकत नाही आणि त्या कारणावरून उपचार नाकारणं हा भेदभाव ठरतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर डबल डोस लिहिलेला असला की पुरतं. कुठे अडवणूक झाली तर १०९७ या मोफत हेल्पलाइनवर बोला. जे डॉक्टर मात्रा ठरवणार आहेत त्यांना मात्र खरं सांगा, नाहीतर ते साधे तीन डोस लिहून मोकळे होतील.

आता तो आकडा

शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांत अँटी-एचबीएस क्वांटिटेटिव्ह करा. ही तारीख शेवटचा डोस घेतानाच कॅलेंडरवर लिहून ठेवा, कारण तोपर्यंत उत्साह ओसरलेला असतो. दहाच्या खाली म्हणजे लस लागू पडलेली नाही असं धरायचं. दहा ते शंभर म्हणजे संरक्षण आहे, पण लवकर उतरण्याची शक्यता जास्त. शंभरच्या वर असेल तर छान.

आपल्या बाबतीत हा आकडा काळाबरोबर उतरू शकतो. म्हणून बरेच डॉक्टर वर्षातून एकदा तो बघतात आणि दहाच्या खाली गेला तर एक बूस्टर देतात. नेहमीचं रक्त द्याल तेव्हा त्याच सुईत ही तपासणी उरकते का ते विचारा.

दहाच्या खाली आला तर मी त्या दिवशी जशी बसून राहिले तसं बसू नका. पूर्ण लसीकरण पुन्हा करायचं, दुप्पट मात्रेने. दरम्यान सीडी४ वाढला असेल, व्हायरल लोड दबला असेल, तर या खेपेला शक्यता खूप चांगली. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत एआरटीवर असलेले असेच लोक घेतले होते, ज्यांना पहिली लस लागू पडली नव्हती. नेहमीच्याच लसीचे तीन डोस पुन्हा दिल्यावर त्यांतल्या सुमारे ८१ टक्क्यांना संरक्षण आलं. हेप्लिसॅव-बी नावाच्या नव्या लसीच्या दोन डोसांनी ९३ टक्क्यांना आणि तीन डोसांनी ९९ टक्क्यांना. दुसऱ्या खेपेलाही आकडा चढला नाही तर या लसीबद्दल डॉक्टरांशी बोला.

तोपर्यंत, किंवा तरीही आकडा चढला नाही तर, काळजी वाढवायची: कंडोम, स्वतःचं रेझर, स्वतःचा टूथब्रश, निर्जंतुक सुया. आणि हेपॅटायटिस बी असलेल्या माणसाच्या रक्ताशी किंवा संबंधातून संपर्क आला तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. हेपॅटायटिस बी इम्युनोग्लोब्युलिन नावाचं तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन असतं. ते २४ तासांत मिळालं तर सर्वांत उपयोगी.

गोळ्या बदलायची वेळ आली तर

आधी म्हटलं होतं ते कारण हे. ज्यांच्या शरीरात हेपॅटायटिस बी आहे त्यांनी टेनोफोविर अचानक बंद केली की दबलेला विषाणू उसळतो आणि लिव्हरला जोराची सूज येते. माणूस दगावूही शकतो. म्हणून किडनीसाठी, हाडांसाठी किंवा आणखी कशासाठीही गोळी बदलायची चर्चा निघाली की पहिला प्रश्न: "माझी एचबीएसएजी काय आहे?" डोल्युटेग्राविर आणि लॅमिव्ह्युडीन या दोनच औषधांची गोळी हेपॅटायटिस बी असलेल्यांना एकटी पुरत नाही, कारण नुसत्या लॅमिव्ह्युडीनला हा विषाणू काही वर्षांत दाद देईनासा होतो. कॅबोटेग्राविर-रिल्पिविरिन ही लांब मुदतीची इंजेक्शनं तर त्यावर चालतच नाहीत. जुन्या मंडळींनी हे विशेष ध्यानात घ्यावं. १ एप्रिल २००४ला सरकारी मोफत एआरटी सुरू झाली, तेव्हाच्या गोळ्यांत हेपॅटायटिस बीवर चालणारं औषध एकटी लॅमिव्ह्युडीनच होतं. तुम्ही त्या काळापासून औषधावर असाल आणि एचबीएसएजी पॉझिटिव्ह असाल, तर हेपॅटायटिस बीचा व्हायरल लोड एकदा करून घ्या.

तुम्हाला हेपॅटायटिस बी नसेल तर टेनोफोविर-लॅमिव्ह्युडीनचा आणखी एक फायदा आहे. या गोळ्या चालू असताना नवा संसर्ग होण्याची शक्यता कमी होते. उद्या गोळी बदलली तर ती ढाल जाते, म्हणून बदलण्याआधी टायटर झालेला असावा.

घरातली माणसं

जोडीदाराची एचबीएसएजी करा. निगेटिव्ह असेल तर त्याला किंवा तिलाही लस द्या. जोडीदाराला एचआयव्ही नसेल तर साधे तीन डोस बहुधा पुरतात. बाळ होणार असेल तर जन्मल्यापासून २४ तासांच्या आत पहिला डोस मिळायलाच हवा. आई हेपॅटायटिस बी पॉझिटिव्ह असेल तर बाळाला इम्युनोग्लोब्युलिनही द्यायचं असतं. हे नाव नोंदवतानाच सांगून ठेवा आणि केसपेपरवर लिहून घ्या, कारण बाळ रात्री तीनला जन्मलं तर ड्यूटीवरच्या सिस्टरला तो कागदच सांगणार असतो.

माझ्या पिवळ्या कार्डाच्या खाली आता दुसरं कार्ड स्टेपल केलं आहे. त्यावर चार तारखा, आठ स्टिकर, आणि खाली निळ्या पेनाने मीच लिहिलेलं: अँटी-एचबीएस २१२. त्याच्याखाली दर वर्षाच्या आकड्यासाठी ओळी आखल्या आहेत. यंदाची ओळ अजून रिकामी आहे. पुढच्या गुरुवारी रक्त द्यायचं आहे.